सोळा तालुके, सहा चौकोन

२० अंश उत्तर अक्षांश आणि ७८ अंश पूर्व रेखांश या दोन रेषा यवतमाळ जिल्ह्याच्या पोटातच, आर्णीच्या आसपास एकमेकींना छेदतात. जमिनीवर त्याची खूण नाही. पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या शेतांतून त्या निघून जातात. पण जिल्ह्याचे तापमान आणि जिल्ह्याचा नकाशा संगणकावर एकमेकांना जोडायला बसलेल्या माणसाला हा छेद पावलोपावली भेटतो. हवामानाच्या आकड्यांचे चौकोन याच रेषांवर तुटतात, आणि मोजणीच्या नकाशांचे पट्टेही ७८ अंशांवरच बदलतात. महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला एवढी गुंतागुंत येते. म्हणूनच हे काम शिकायला यवतमाळइतका चांगला जिल्हा शोधून सापडणार नाही.

काम ऐकायला सोपे आहे. एका बाजूला रोजचे कमाल आणि किमान तापमान, दुसऱ्या बाजूला तालुक्यांच्या सीमा, गावे आणि उंची. दोन्ही वाचणारी, जुळवणारी आणि शेवटी ‘या तालुक्यात या दिवशी इतके तापमान’ असा तक्ता देणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. पायथॉनमध्ये ती शंभर ओळींत बसते. कठीण भाग ओळी लिहिण्याचा नाही. प्रत्येक ओळीत एक निवड दडलेली असते, आणि त्या निवडीवर कोणत्या गावाची उष्णता मोजली जाईल आणि कोणत्या गावाची सरासरीत विरून जाईल, हे ठरते. ती निवड डोळसपणे कशी करायची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी तापमानाचा आकडा येतो कुठून ते पाहू. वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी उभी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. पेटीतले तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतात. त्यांवर ऊन थेट पडत नाही, हवा मात्र खेळती राहते. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला नोंद होते. वर्तमानपत्रात छापून येणारे यवतमाळचे तापमान म्हणजे अशा एका पेटीतल्या हवेचे तापमान. जिल्ह्याचे क्षेत्रफळ आहे १३,५८२ चौरस किलोमीटर.

एका पेटीवरून एवढ्या प्रदेशाचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून हवामानशास्त्रज्ञ अनेक केंद्रांच्या नोंदींमधून सबंध देशावर एक जाळे विणतात. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने तापमानाचे असे जाळे तयार केले आहे. हे कार्यालय शिवाजीनगरचे; १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, त्यामुळे पुणेकर आजही त्याला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. ए. के. श्रीवास्तव, एम. राजीवन आणि एस. आर. क्षीरसागर यांनी २००९ मध्ये या जाळ्याची पद्धत प्रसिद्ध केली. देशभरातल्या ३९५ तपासून घेतलेल्या केंद्रांच्या नोंदी त्यांनी वापरल्या आणि जवळच्या केंद्राला जास्त, दूरच्या केंद्राला कमी वजन देत एक अंश लांब, एक अंश रुंद चौकोनांत रोजचे तापमान भरले. आज ही मालिका १९५१ पासून उपलब्ध आहे. सत्तर वर्षांहून जास्त काळाची रोजची नोंद कोणालाही उतरवून घेता येते, ही फार मोठी देणगी आहे.

पण एक अंश म्हणजे किती, हे लिहिणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे. आपल्या अक्षांशावर असा चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०४ किलोमीटर पसरतो. क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या घरात. म्हणजे अख्खा यवतमाळ जिल्हा एका चौकोनापेक्षा जेमतेम थोडा मोठा आहे, आणि त्यात सोळा तालुके आहेत. तरीही जिल्हा एका चौकोनात बसत नाही. चौकोनांच्या कडा पूर्ण अंशांवर येतात, जिल्हा नेमका त्या कडांवर पसरलेला आहे, आणि त्याला कवेत घेणाऱ्या आयतात सहा चौकोनांचे तुकडे येतात.

हे सहा चौकोन नीट पाहिले की पुढची सगळी अडचण समजते. वायव्येच्या चौकोनात दारव्हा, दिग्रस, नेर आहेत; त्याच चौकोनात अमरावती आणि वाशीमही आहेत. नैऋत्येच्या चौकोनात पुसद, उमरखेड आणि त्यांच्यासोबत हिंगोली, नांदेड. मधल्या वरच्या चौकोनात यवतमाळ शहर, बाभुळगाव, राळेगाव, आणि वर्धा, हिंगणघाट, पुलगाव. मधल्या खालच्या चौकोनात झरी-जामणी, आणि तेलंगणातले आदिलाबाद. पूर्वेच्या दोन चौकोनांत आपला वणीकडचा चिंचोळा कोपरा तेवढा शिरतो. त्या चौकोनांची मालकी खऱ्या अर्थाने चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरीची. चौकोनाला एकच आकडा मिळतो. त्या आकड्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

फाइल वाचण्यापासून सुरुवात करू. एका वर्षाची तापमानाची फाइल म्हणजे अक्षरे नसलेला, केवळ आकड्यांचा लांबच लांब पट्टा. रोज ३१ गुणिले ३१ म्हणजे ९६१ चौकोन, प्रत्येक आकड्याला चार बाइट. साध्या वर्षाची फाइल १४,०३,०६० बाइटची आणि लीप वर्षाची १४,०६,९०४ बाइटची भरायला हवी. स्क्रिप्टच्या पहिल्या दोन-तीन ओळींत हा आकार तपासून घ्यावा. उतरवताना फाइल अर्धवट तुटली असेल तर ते इथेच कळते. नाहीतर डिसेंबरचे आकडे गायब झालेले वर्षभर लक्षात येत नाहीत.

दुसरी गोष्ट दिशेची. या फाइलमध्ये पहिली रांग दक्षिणेची असते, साडेसात अंश अक्षांशाची, आणि तिथून एकेक रांग उत्तरेकडे सरकते. चित्रे हाताळणाऱ्या बहुतेक साधनांत मात्र पहिली रांग वरची, म्हणजे उत्तरेची मानतात. दोन्हींची गल्लत झाली तर यवतमाळच्या जागी कोणते ठिकाण येईल? साडेवीस अंशांची रांग दक्षिणेकडून शून्यापासून मोजली तर तेरावी. उत्तरेकडून तेरावी रांग साडेचोवीस अंशांची. रेखांश तोच राहिला तर आपण उत्तर प्रदेशातल्या ललितपूरच्या परिसरात, बुंदेलखंडात पोचतो. मेमध्ये बुंदेलखंडही आपल्यासारखाच तापतो, त्यामुळे उन्हाळ्याचे आकडे पाहून कोणाला शंका येत नाही. चूक उघडी पडते जानेवारीत, जेव्हा पहाटेचे तापमान विदर्भाच्या मानाने फारच खाली उतरलेले दिसते. म्हणून तपासणी नेहमी दोन ऋतूंत करावी. एकाच ऋतूची खातरजमा अपुरी असते.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागांची. नोंद नाही हे सांगायला या तापमान फाइलमध्ये ९९.९ हा आकडा घातलेला असतो. पावसाच्या फाइलमध्ये त्याच कामासाठी उणे ९९९ वापरतात. उणे ९९९ मिलिमीटर पाऊस कोणाच्याही नजरेत भरतो. ९९.९ जास्त घातक आहे, कारण तो सरासरीत मिसळून जातो. समजा मे महिन्याचे ३० दिवस ४२ अंशांचे आहेत आणि एका दिवसाची नोंद नाही. तो दिवस वगळला तर महिन्याची सरासरी ४२. वगळायला विसरलो तर ४३.९. विदर्भातल्या मे महिन्याला ४३.९ हा आकडा शोभून दिसतो, आणि त्या एका रिकाम्या जागेने महिना जवळपास दोन अंशांनी तापवून ठेवलेला असतो. ‘तापमानवाढ’ म्हणून असा तक्ता कोणी मांडला तर वाचणाऱ्याची त्यात शुद्ध फसवणूक होते.

आता भूगोलाची बाजू. जिल्ह्याचा विस्तार शोधायला गेलात तर १९.२६ ते २०.४२ उत्तर आणि ७७.१८ ते ७९.९ पूर्व असे आकडे जागोजागी छापलेले आढळतात. हे आकडे मुळात अंश आणि कला यांचे आहेत: १९ अंश २६ कला, २० अंश ४२ कला, ७७ अंश १८ कला, ७९ अंश ९ कला. एका अंशाच्या कला साठ. म्हणजे दशांशात लिहायचे तर १९.४३ ते २०.७० आणि ७७.३० ते ७९.१५. पण मधली खूण गळून तिथे टिंब आले की संगणक ते दशांश चिन्ह समजतो, आणि त्याला दोष देता येत नाही. परिणाम पाहा. उत्तरेची हद्द २०.४२ वर थांबली की साधारण तीस किलोमीटरचा पट्टा कापला जातो आणि नेर, बाभुळगाव जिल्ह्याबाहेर पडतात. पूर्वेची हद्द ७९.९ झाली की जिल्हा सुमारे ७८ किलोमीटर पुढे सरकतो, चंद्रपूर शहर ओलांडून गडचिरोलीच्या दारात पोचतो. स्क्रिप्ट कोणतीही तक्रार न करता चालते आणि चुकीच्या प्रदेशाची सुबक सरासरी देते.

म्हणून विस्ताराच्या चार आकड्यांवर विसंबू नये, सीमेची प्रत्यक्ष आकृती वापरावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीवरची बंधने सैल केली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्याआधीच ‘डेटामीट’सारख्या स्वयंसेवी मंडळींनी जनगणनेवर आधारलेल्या सीमा खुल्या करून ठेवल्या होत्या. सीमा घेताना तिचे वर्ष लिहून ठेवावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ३६ झाले. यवतमाळची बाह्यरेषा त्यात बदलली नाही, पण जुन्या नोंदी चाळताना सावध राहावेच लागते. १९०५ पर्यंत हा ‘वणी जिल्हा’ होता. त्या वर्षी त्याला यवतमाळचे नाव मिळाले, आणि मोडलेल्या वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका याला जोडला गेला. म्हणजे १९०१ च्या जनगणनेतला वणी जिल्हा आणि आजचा यवतमाळ यांची तुलना करताना पुसदचा हिशेब आधी करायला हवा.

नकाशाचे मोजमाप किलोमीटरमध्ये करायचे तर गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवावी लागते. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ उभे पट्टे करते. ७२ ते ७८ अंशांचा पट्टा क्रमांक ४३, आणि ७८ ते ८४ चा ४४. यवतमाळ जिल्हा मधोमध चिरला जातो: पुसद, दिग्रस, दारव्हा, नेर ४३ मध्ये, यवतमाळ शहर, घाटंजी, पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. पुसदचे ४३ मधले आकडे ४४ चे समजून वाचले तर पुसद सहा अंश पूर्वेला, ओडिशातल्या कालाहंडीच्या बाजूला जाऊन पडते. इलाज साधा आहे. सगळे काम अक्षांश-रेखांशात करावे, आणि क्षेत्रफळ लागेल तेव्हा सबंध देशासाठी चालणारे, क्षेत्रफळ जपणारे एकच प्रक्षेपण वापरावे. जिओपांडास हे साधन दोन वेगळ्या प्रक्षेपणांतल्या थरांची जोडणी करताना इशारा देते. तो इशारा लपवू नये.

यानंतर नावे. तालुक्याचे नाव केळापूर, मुख्यालयाचे गाव पांढरकवडा. एका तक्त्यात पहिले असते, दुसऱ्यात दुसरे. कुठे ‘दारव्हा’, कुठे ‘दारवा’. कुठे ‘नेर’, कुठे ‘नेर परसोपंत’. ‘झरी-जामणी’ मधली आडवी रेघ कधी असते, कधी नसते. देवनागरीत आणखी एक छुपी अडचण आहे: जोडाक्षरांसाठी घातलेली न दिसणारी चिन्हे. डोळ्यांना दोन नावे तंतोतंत सारखी दिसतात आणि संगणक ती वेगळी मानतो. जोडणीची नेहमीची पद्धत दोन्हीकडे सापडलेली नावे तेवढी ठेवते, बाकीची मुकाट्याने गाळते. त्यामुळे जोडणीआधी सोळा ओळी असतील तर जोडणीनंतरही सोळाच आहेत ना, हे स्क्रिप्टनेच तपासावे आणि नसतील तर तिथेच थांबावे. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणे सर्वांत बरे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि यवतमाळ जिल्ह्याचा ५१० आहे. तालुक्यांनाही असेच क्रमांक आहेत.

इथपर्यंत सगळी पूर्वतयारी झाली. खरा निर्णय पुढे आहे: चौकोनातला आकडा तालुक्याला द्यायचा कसा?

सर्वांत झटपट मार्ग म्हणजे तालुक्याचा मध्यबिंदू ज्या चौकोनात पडतो त्याचा आकडा त्याला देऊन टाकणे. हे यवतमाळमध्ये करून पाहिले की काय होते ते वणीवरून कळते. वणी गाव साधारण २०.०६ उत्तर, ७८.९५ पूर्व इथे आहे. म्हणजे ते २० अंशांच्या रेषेच्या सहा-सात किलोमीटर वर आणि ७९ अंशांच्या रेषेच्या पाच किलोमीटर अलीकडे येते. या पद्धतीने वणीला आकडा मिळतो तो मधल्या वरच्या चौकोनाचा, ज्यात वर्धा शहर आहे. वर्धा वणीपासून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरहून दूर. चंद्रपूर चाळीस किलोमीटरच्या आत. वणीची काळी माती, कोळशाच्या खाणी, वर्धा नदीचे सखल खोरे, तिथला उन्हाळा सगळे चंद्रपूरशी नाते सांगते, आणि संगणक तिला वर्ध्याचे तापमान बहाल करतो. पाच किलोमीटर पूर्वेचे शेत लगेच दुसऱ्या चौकोनात जाते. हवेत अशी भिंत कुठेच नसते.

दुसरा मार्ग अंतर्वेशनाचा. चौकोनाचा आकडा त्याच्या मध्यबिंदूचा मानायचा आणि गावाच्या भोवतीच्या चार मध्यबिंदूंमधून अंतराच्या प्रमाणात वाटा काढायचा. वणीसाठी हे गणित हातानेही करता येते. भोवतीचे चार बिंदू ७८.५ आणि ७९.५ रेखांश, १९.५ आणि २०.५ अक्षांश यांवर आहेत. वाटे येतात असे: वर्ध्याच्या चौकोनाला सुमारे ३१ टक्के, त्याच्या पूर्वेच्या ब्रह्मपुरीच्या चौकोनाला २५, आदिलाबादच्या चौकोनाला २४ आणि चंद्रपूरच्या चौकोनाला २०. भिंत नाहीशी होते, आकडा सरळ चढावर चालल्यासारखा बदलत जातो. गावापुरता प्रश्न असेल तर ही पद्धत मला योग्य वाटते.

तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर तिसरी पद्धत घ्यावी: सीमेची आकृती चौकोनांवर ठेवायची, प्रत्येक चौकोनाचा किती भाग आकृतीच्या आत येतो ते मोजायचे, आणि त्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढायची. क्षेत्रफळाचे हे वाटे एकदाच काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत. सीमा रोज बदलत नाहीत, तापमान रोज बदलते. वाटे तयार असले की १९५१ पासूनची सगळी वर्षे काही सेकंदांत निघतात. वाट्यांची बेरीज प्रत्येक तालुक्यासाठी १ येते का, ही तपासणी इथेही हवीच.

आणि तरीही एक गोष्ट कायम राहते. कितीही कसोशीने वाटे काढले तरी त्यांच्या मुळाशी असलेली माहिती एक अंशाचीच आहे. सोळा तालुक्यांना सोळा वेगळे आकडे मिळाले म्हणून सोळा ठिकाणी तापमान मोजले गेले असे होत नाही. तक्त्यात दोन दशांश स्थळे छापली की वाचणाऱ्याला खोटा भरवसा मिळतो. अशा तक्त्यात एकच दशांश स्थळ ठेवावे, आणि शेजारी माहितीचा मूळ आकार लिहावा, असा माझा आग्रह आहे.

उंची हा या जिल्ह्यातला दुसरा मोठा घटक. यवतमाळ शहर अजिंठ्याच्या डोंगरांच्या पूर्वेकडच्या पसाऱ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर बसलेले आहे. वणीकडे उतरत गेले की वर्धेच्या खोऱ्यात ही उंची दोनशेहून अधिक मीटरने घटते. उंचीबरोबर हवेचे तापमान सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने केवळ उंचीपायी दोन ठिकाणांत सव्वा अंशाच्या आसपास फरक पडायला हवा. तो फरक एक अंशाच्या चौकोनाला दिसत नाही. उंचीची माहिती मात्र अगदी बारीक मिळते: फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने अकरा दिवस रडार फिरवून जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजली, आणि आज ती सुमारे तीस मीटरच्या बारकाव्याने मोफत उपलब्ध आहे. चौकोनाची सरासरी उंची काढायची, गावाची उंची त्यातून वजा करायची, आणि फरकाप्रमाणे तापमान दुरुस्त करायचे. ही दुरुस्ती दुपारच्या कमाल तापमानाला शोभते. हिवाळ्यातल्या पहाटेच्या किमान तापमानाला ती लावू नये. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन खोऱ्यात साचते आणि खालचे गाव वरच्यापेक्षा जास्त गारठते. तिथे हे सूत्र उलटी दिशा दाखवते.

जास्त बारीक जाळे हवे असेल तर युरोपीय हवामान केंद्राच्या ‘ईआरए-५’ या मालिकेकडे वळता येते. ती पाव अंशाची, तासातासाची, १९४० पासूनची आहे; तिच्यातला जमिनीपुरता भाग एक दशांश अंशाचा, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरचा, १९५० पासूनचा. जगभरची निरीक्षणे आणि भौतिकशास्त्राचे प्रारूप यांच्या मिलाफातून ती घडते. तिची दोन पथ्ये आहेत. पहिले, तापमान केल्विनमध्ये असते, २७३.१५ वजा करायचे. हे कोणी विसरत नाही, कारण ३१५ अंश पाहून कोणीही दचकेल. दुसरे पथ्य वेळेचे, आणि ते बहुतेकांकडून मोडले जाते. तिचे तास ग्रिनिचच्या वेळेचे असतात. ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मे महिन्यात यवतमाळला दिवसातले सर्वांत कमी तापमान याच सुमारास, सूर्य उगवण्याच्या बेताला असते. दिवसाची कात्री नेमकी तिथेच चालली तर एकाच दिवसाच्या पोटात दोन पहाटा येतात, आणि किमान तापमान आजच्या नावावर उद्याचे लागते. म्हणून आधी साडेपाच तास पुढे सरकवायचे, मगच दिवसांचे गट पाडायचे.

उपग्रहांची माहिती त्याहून बारीक. ‘टेरा’ आणि ‘अ‍ॅक्वा’ या उपग्रहांवरची यंत्रे एक किलोमीटरच्या बारकाव्याने तापमान देतात. अनेक वर्षे टेरा सकाळी आणि रात्री साडेदहाच्या सुमारास, अ‍ॅक्वा दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जात असे. चित्र देखणे असते: टिपेश्वरचे जंगल, बेंबळा धरणाचे पाणी आणि उघडी काळी राने स्पष्ट वेगळी दिसतात. मात्र हे जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान आहे, हवेचे नव्हे. मे महिन्याच्या दुपारी नांगरून पडलेले काळे रान पन्नास अंशांच्याही पुढे जाते, आणि त्याच वेळी पेटीतली हवा बेचाळीस-त्रेचाळीसवर असते. दोन्ही आकडे खरे आहेत. एका कॉलममध्ये त्यांना एकत्र बसवणे चूक. पावसाळ्यात ढगांमुळे तर आठवडेच्या आठवडे कोरे जातात.

मातीवरचे मापनही आता वाढले आहे. २०१७ पासून राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. जिल्ह्याच्या दृष्टीने ही फार मोलाची भर आहे. एक अंशाच्या जाळ्याकडे सत्तर वर्षांचा काळ आहे, मंडळांच्या केंद्रांकडे जागेचा बारकावा आहे. मंडळाच्या केंद्राची चारसहा वर्षे जाळ्याच्या त्याच वर्षांशी ताडून पाहायची, दोघांतला महिनावार फरक काढायचा आणि तो मागच्या वर्षांना लावायचा, असा मार्ग स्क्रिप्टला घेता येतो. केंद्र कुठे बसवले आहे, इमारतीच्या भिंतीला लागून की मोकळ्यावर, हे मात्र कोणीतरी जाऊन पाहावे लागते.

आता तक्ता तयार आहे असे समजू. त्याचा उपयोग काय? उष्णतेची लाट ठरवण्याचे हवामान विभागाचे निकष आकड्यांत आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. किंवा सरळ ४५ अंश गाठले तर लाट, ४७ गाठले तर तीव्र लाट. ४४.६ आणि ४५.१ यांत अर्ध्या अंशाचा फरक आहे, पण एक आकडा उंबरठ्याच्या अलीकडे आहे आणि दुसरा पलीकडे. आपण वर पाहिलेल्या प्रत्येक निवडीने, मध्यबिंदू की वाटे, उंचीची दुरुस्ती की नाही, तापमान एवढे सहज हलते. पूर्ण जिल्ह्याची सरासरी ४४.२ दाखवत असताना वणी आणि मारेगावात माणसे ४५ च्या वर काम करत असू शकतात, आणि जिल्ह्याच्या तक्त्यात त्या दिवशी लाट दिसणार नाही.

क्षेत्रफळाच्या वाट्यांमध्ये आणखी एक अन्याय आहे. टिपेश्वरच्या आणि पैनगंगा अभयारण्याच्या जंगलातला एक चौरस किलोमीटर आणि वणीच्या बाजारपेठेतला एक चौरस किलोमीटर या हिशेबात सारखेच. वनस्पतींचा किंवा पाण्याचा अभ्यास असेल तर ते बरोबर आहे. प्रश्न माणसांच्या आरोग्याचा असेल तर वाटे लोकसंख्येचे हवेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती आणि गावागावाची लोकसंख्या क्रमांकासह उपलब्ध आहे. प्रत्येक गावाला अंतर्वेशनाने तापमान द्यायचे, लोकसंख्येने गुणायचे, बेरीज करून एकूण लोकसंख्येने भागायचे. चार ओळींचे काम आहे. ‘जिल्ह्याचे तापमान किती’ याऐवजी ‘जिल्ह्यातल्या माणसाला सोसावे लागणारे तापमान किती’ हा प्रश्न त्यातून विचारला जातो. सार्वजनिक आरोग्याच्या कामात दुसरा प्रश्नच विचारायला हवा, असे मी ठामपणे म्हणेन.

कोणाला हे स्वतः करून पाहायचे असेल तर सुरुवातीला नवतपा घ्यावा. रोहिणी नक्षत्र लागते तेव्हाचे, साधारण २५ मे ते २ जून हे नऊ दिवस वर्षातले सर्वांत तापाचे, असे विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. अनेक कास्तकारांची धूळपेरणीची तयारी याच दिवसांत चाललेली असते. १९५१ पासून प्रत्येक वर्षाचे हे नऊ दिवस घ्या, त्यांच्या आधीचे नऊ आणि नंतरचे नऊही घ्या. यवतमाळ, पुसद आणि वणी या तीन ठिकाणांसाठी अंतर्वेशनाने कमाल तापमान काढा, रिकाम्या जागा वगळून सरासरी करा, आणि तिन्ही गटांच्या सरासऱ्या वर्षागणिक शेजारी मांडा. मग दशकांनुसार पाहा. मान्सूनपूर्व सरींच्या वर्षांत नंतरचे नऊ दिवस एकदम उतरतील, म्हणून पावसाचे पाव अंशाचे जाळेही सोबत जोडा. ते १९०१ पासूनचे आहे आणि त्यात रिकाम्या जागेचा आकडा वेगळा आहे, हे ध्यानात ठेवून. तेच गणित ईआरए-५ वर पुन्हा करा, साडेपाच तास सरकवून. दोन्ही जाळी एकच उत्तर देत असतील तर ते उत्तर गावात सांगण्याजोगे आहे. देत नसतील तर कोणत्या वर्षांत आणि कोणत्या ठिकाणी फाटते ते आधी शोधा. वणीचे वाटे पहिल्यांदा तपासा.